संदर्भ: आपला दूरध्वनी

प्रति,
राज्यातील सार्वजनिक कामांच्या लोकार्पणाच्या तारखा ठरवणारे मा. मंत्री, सचिव, महापालिका आयुक्त आणि महामंडळांचे व्यवस्थापकीय संचालक यांस

विषय: तारखेच्या दडपणाखाली गाळल्या जाणाऱ्या टप्प्यांबाबत.
संदर्भ: आपला दूरध्वनी (जावक क्रमांक नाही).

महोदय, महोदया,

मसुदा सरकारी झाला आहे, कारण सवय जात नाही. माझी सगळी नोकरी बांधकामात गेली. शाखा अभियंता म्हणून लागलो, कार्यकारी अभियंता म्हणून बाहेर पडलो. हे पत्र ठेकेदारांना नाही आणि साइटवर छत्री धरून उभ्या असलेल्या कनिष्ठ अभियंत्यांनाही नाही. काही पडले, खचले, गळले की त्या दोघांपर्यंत कारणे दाखवा नोटिशीपासून निलंबनाच्या आदेशापर्यंत सगळे कागद वेळेवर पोहोचतात. तुमच्यापर्यंत मात्र काहीच पोहोचत नाही, कारण कामाच्या फाइलीत तुमचा कागदच नसतो. तुमचा फोन असतो.

कामाची मुदत कार्यारंभ आदेशात लिहिलेली असते: पावसाळ्यासह अठरा महिने, किंवा पावसाळा वगळून बारा. ती थोडी सैल असेल, थोडी घट्ट असेल, पण कोणीतरी निदान हिशेब करून घातलेली असते. मग काम पाऊणएक झाले की फोन येतो. साहेबांचा दौरा ठरलाय, त्याच दिवशी उरकून घेऊ. किंवा आचारसंहितेच्या आत झाले पाहिजे. किंवा जयंती आहे, वर्धापनदिन आहे, दिल्लीहून वेळ मिळाली आहे आणि ती वेळ काही पुन्हा मिळायची नाही. फोनवर ‘जमेल का?’ असे विचारतात खरे, पण प्रश्नाचा सूर उत्तर ऐकण्याचा नसतो. खालून ‘करतो सर’ एवढेच जाते.

त्या संध्याकाळी कार्यालयात बार चार्ट उघडतो. शेवटच्या रकान्यात तुमची तारीख बसवायची आणि तिथून मागे मागे यायचे. मागून मोजण्यात गणित म्हणून काही वावगे नाही. प्रश्न एवढाच की पट्ट्या आखडायच्या कुठे? रंगाची पट्टी आखडत नाही. दिव्यांची नाही. कोनशिला तर बहुतेक वेळा काम पुरे व्हायच्या आधीच कोरून, सुतळीत बांधून गोदामात येऊन पडलेली असते. फोटोत जे येत नाही तेच आखडते: क्युरिंग, क्यूबचे निकाल, गच्चीवर पाणी तुंबवून घ्यायची चाचणी, गटाराचा उतार, वेल्डिंगची तपासणी, गंजरोधक थराचा दुसरा हात, त्रयस्थ संस्थेचा अहवाल. यातले एकही काम मंडपातून दिसत नाही, म्हणून ते वगळले तरी लोकार्पणाच्या दिवशी कोणाच्या लक्षात येत नाही. आणि पहिला पाऊस येईपर्यंत वगळणाराही निर्धास्त असतो.

एकच गोष्ट जवळून दाखवतो. स्लॅब ओतताना त्याच मालाचे पंधरा सेंटीमीटरचे चौकोनी ठोकळे भरून ठेवतात, त्यांना आम्ही क्यूब म्हणतो. काही क्यूब सात दिवसांनी फोडायचे, तीन अठ्ठावीस दिवसांनी, आणि या तिघांच्या सरासरीवर काँक्रीटचा दर्जा ठरतो. सात दिवसांचा निकाल हा अंदाज असतो, निवाडा नसतो. काँक्रीटची भारतीय संहिता, आयएस ४५६, खालचे टेके कधी काढायचे हेही सांगते: साध्या पोर्टलँड सिमेंटच्या कामात सहा मीटरपर्यंतच्या तुळईला चौदा दिवस, त्याहून लांब तुळईला एकवीस. मिश्र सिमेंट असेल तर ओलावा टिकवायचा तो किमान दहा दिवस. हे आकडे कोणा कारकुनाने अडवणुकीसाठी घातलेले नाहीत. सिमेंट आणि पाणी यांची रासायनिक क्रिया तेवढा वेळ घेते, आणि तिला पालकमंत्री कोण आहेत हे ठाऊक नसते.

एका तालुक्याच्या गावी सभागृहाचे काम चालू होते. दर्शनी पोर्चची तुळई सहा मीटरच्या वर. ओतून तेरा दिवस झाले होते आणि सोळाव्या दिवशी उद्घाटन ठरले. वरून निरोप आला की पोर्चखालच्या बल्ल्या काढा, गाडी तिथेच येऊन थांबणार आहे. आमच्या उपअभियंत्याने वाद घातला नाही. साइट ऑर्डर बुक मागवले, त्यात लिहिले, ‘तुळईचे टेके एकवीस दिवस पुरे होईपर्यंत काढू नयेत’, तारीख घातली, सही केली, ठेकेदाराची सही घेतली, आणि निरोप आणणाऱ्यापुढे तेच पान धरून म्हणाला, ‘काढायचे असतील तर याच्याखाली लिहा.’ कोणीही लिहिले नाही. उद्घाटन ठरल्या दिवशीच झाले. मंडपवाल्याने एकेका बल्लीला भगवे-पांढरे कापड गुंडाळले, वर झेंडूच्या माळा सोडल्या. पाहुण्यांनी त्या खांबांचे कौतुक केले म्हणतात. पाच दिवसांनी कापड निघाले, टेके निघाले, तुळई आजही सरळ आहे.

त्या उपअभियंत्याला पुढे बढती उशिरा मिळाली. तिचा याच्याशी संबंध होता की नव्हता, मला सिद्ध करता येणार नाही, म्हणून तो मुद्दा सोडतो.

आता मालवणकडे येतो. राजकोट किल्ल्यावरचा शिवछत्रपतींचा पस्तीस फुटी पुतळा ४ डिसेंबर २०२३ रोजी, नौदल दिनी, पंतप्रधानांच्या हस्ते अनावरण होऊन उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. नऊ महिनेही झाले नव्हते. तेव्हा वाऱ्याचा वेग किती होता यावर बरीच चर्चा झाली. कोकणच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात वारा असतो, ही काही चौकशीअंती निघालेली बातमी नव्हे. चौकशी समितीच्या अहवालाबद्दल जे छापून आले त्यात गंज, कमकुवत सांगाडा आणि सदोष वेल्डिंग ही कारणे होती. वर मी फोटोत न येणाऱ्या कामांची यादी दिली आहे, ती पुन्हा वाचावी. शिल्पकार आणि संरचना सल्लागार यांना अटक झाली. कला संचालनालयाने मान्यता दिली होती ती सहा फुटी मातीच्या नमुन्याला, पुतळा पस्तीस फुटी होणार हे कळवलेच नव्हते, असे तेव्हाच्या संचालकांनी जाहीरपणे सांगितले. म्हणजे टप्पा कागदावर होता. मान्यता घेतली गेली, फक्त ती वेगळ्याच वस्तूची होती.

मालवणच्या प्रकरणातला मला सगळ्यात बोचणारा कागद निराळाच आहे. पुतळा पडण्याच्या आठवडाभर आधी, २० ऑगस्टला, बांधकाम खात्याच्या स्थानिक अभियंत्याने नौदलाला पत्र लिहून नट-बोल्ट गंजल्याचे कळवले होते. खालच्या माणसाला दिसत होते. त्याने लिहिलेही. पण ते पत्र लिहायची खरी वेळ अनावरणाच्या आधीची होती, आणि त्या वेळी दिसत असते तरी लिहायची छाती किती जणांची झाली असती? नौदल दिन ४ डिसेंबरलाच येतो, तो हलवता येत नाही हे मान्य. पण पुतळा त्याच दिवशी पुरा झाला पाहिजे, असे कोणत्या तांत्रिक मान्यतेत लिहिले होते? नौदल दिन राजकोटवर पुतळ्याच्या चौथऱ्यासमोरही साजरा झाला असता. महाराजांचे आरमार पुतळ्याच्या तारखेवर अवलंबून नव्हते.

दुसरे उदाहरण मुंबईचे. मेट्रो तीनचे वरळीचे आचार्य अत्रे चौक स्थानक १० मे २०२५ पासून प्रवाशांसाठी खुले झाले आणि २६ मेला त्यात पाणी शिरले. मान्सून त्या दिवशी मुंबईत आला, इतक्या लवकर आल्याची आधी नोंद नव्हती, हे खरे. पण मुंबईत पावसाची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे. म्हणजे पाऊस वक्तशीर आला असता तरी स्थानकाला एकच महिना मिळत होता. पाणी आले ते काम चालू असलेल्या प्रवेशमार्गाकडून, तिथली पाणी अडवणारी भिंत कोसळली म्हणून, असा खुलासा मेट्रो महामंडळानेच केला. जमिनीखालचे स्थानक, एक दार अर्धवट, आणि मे महिना. या तीन गोष्टी एका ओळीत लिहून कोणी तुमच्या टेबलावर ठेवल्या होत्या का? ठेवल्या असतील तर तुम्ही त्यावर काय शेरा मारला? हे मी टोमणा म्हणून विचारत नाही. मला खरोखर तो शेरा वाचायचा आहे.

इथे एक गोष्ट तुमच्या बाजूने. मेट्रो किंवा रेल्वे तुम्हाला वाटले म्हणून सुरू करता येत नाही. सुरक्षा आयुक्तांची परवानगी लागते, आणि हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नसून नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात. ज्याला गाडी सोडायची घाई आहे त्याच्या हाती तपासणाऱ्याचा गोपनीय अहवाल असू नये, हा त्यामागचा विचार. पूल, पुतळा, रस्ता, जिल्हा रुग्णालयाची नवी इमारत यांना असा कोणी नाही. तिथे तपासणारा, बिल काढणारा आणि मंडपाची व्यवस्था पाहणारा बऱ्याचदा एकच माणूस असतो.

आणि एक गोष्ट माझ्या विरुद्ध. प्रमाणपत्रे मागा म्हटले की प्रमाणपत्रे तयार होतात. २०१९ मध्ये सीएसएमटीजवळचा हिमालय पूल पडला, तेव्हा त्याच्या संरचनात्मक तपासणीचा अहवाल हजर होता आणि त्यात किरकोळ दुरुस्त्या सुचवल्या होत्या. अत्रे चौकालाही परवानगी होतीच. तेव्हा एक कागद वाढवला की सुटले, असे मी म्हणत नाही. माझे म्हणणे तारखेपुरते आहे. तारीख ठरल्यावर केलेली तपासणी ही तपासणी राहत नाही. तिला एकच निकाल देण्याची मुभा असते.

‘म्हणजे तुम्हा इंजिनिअरांना आरामात काम करू द्यायचे, असेच ना?’ हा तुमचा ठरलेला प्रश्न. नाही. महाडला सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री एसटीच्या दोन गाड्यांसह वाहून गेला आणि नवा पूल पुढच्या जूनच्या पाच तारखेला खुला झाला. काम १६५ दिवसांत पुरे केले गेले. तिथेही तारखेचे दडपण होतेच, आणि जबर होते. पण ती तारीख पावसाची होती. ती पहिल्या दिवसापासून सगळ्यांना माहीत होती, तिच्याभोवती माणसे, यंत्रे, पैसा आणि मान्यता आधी जमवल्या गेल्या. पावसाची तारीख वेळापत्रकाच्या पोटात असते. मुहूर्ताची तारीख वरून येऊन त्यावर बसते. पहिलीने काम वेगाने होते, दुसरीने फक्त काम संपल्यासारखे दिसते.

कोणी श्रीधरन यांच्या उलट्या घड्याळांची आठवण करून देईल. कोकण रेल्वेच्या कार्यालयांत, पुढे दिल्ली मेट्रोत, उरलेले दिवस मोजणारी घड्याळे लावली होती आणि ती आता व्यवस्थापनाच्या व्याख्यानांत हमखास येतात. घड्याळ लावणारा माणूस वेळापत्रकाचाही धनी होता, हे त्या व्याख्यानांत येत नाही. शिवाय तेही घड्याळ मातीपुढे थांबले. १९९० साली काम सुरू झाले तेव्हा उद्दिष्ट पाच वर्षांचे होते. गोव्यातला मार्गाचा वाद मध्ये आला, पेडण्यासारख्या मऊ मातीच्या बोगद्यांत खोदावे आणि वरून ढासळावे असे चालले, आणि मुंबईपासून मंगळूरपर्यंतचा सलग मार्ग खुला व्हायला जानेवारी १९९८ उजाडला. त्या उशिराबद्दल आज कोणी कोकण रेल्वेला नावे ठेवत नाही.

तारीख हलवता येते, आणि ती तुमच्यासारख्यांनीच हलवलेली आहे. समृद्धी महामार्गाच्या नागपूर ते शेलुबाजार या २१० किलोमीटरच्या टप्प्याचे लोकार्पण २ मे २०२२ ला ठरले होते. एप्रिलच्या अखेरीस नागपूरजवळ वन्यजीवांसाठी बांधल्या जाणाऱ्या ओव्हरपासच्या कमानीचे नुकसान झाले. महामंडळाने सांगितले की वरचे बांधकाम नव्याने करावे लागेल, किमान दीड महिना जाईल, आणि कार्यक्रम पुढे ढकलला. नुकसान आधी झाले मग तारीख हलली, हे खरे. त्याच रस्त्याच्या शेवटच्या टप्प्यात शहापूरजवळ १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे गर्डर बसवणारे यंत्र कोसळून वीस माणसे गेली, तेव्हा तो रस्ता मी आदर्श म्हणूनही पुढे करत नाही. पण २ मेची ती रद्द झालेली तारीख आज कोणाला आठवते? माझ्या ओळखीतल्या अभियंत्यांनाही सांगावी लागते. ११ डिसेंबर २०२२ ला शिर्डीपर्यंतचा ५२० किलोमीटर रस्ता खुला झाला एवढेच लोकांच्या ध्यानात आहे.

मधल्या सात महिन्यांत राज्यात सरकार बदलले, आणि तुमच्या घाईमागचे खरे कारण मला वाटते इथेच आहे. तारीख पुढे गेली तर फित दुसराच कापेल. ही भीती खोटी नाही, हास्यास्पदही नाही. पाच वर्षे पाठपुरावा करून मंजुरी आणायची, निधी ओढून आणायचा, आणि कोनशिलेवर नाव भलत्याचे. राजकारणात राहणाऱ्या माणसाला हे लागणारच. पण मग त्यावर उपाय काढा, काँक्रीटवर काढू नका. प्रशासकीय मान्यता कोणाच्या काळात मिळाली, कार्यारंभ आदेश कधी निघाला, काम कधी पुरे झाले, हे सगळे कोनशिलेवर कोरण्याचा एक शासन निर्णय काढा. दगड आपलाच आहे, चार ओळी जास्त मावतील. कार्यकारी अभियंत्याचे नाव त्यावर आजही कुठे कुठे असते. मग अठ्ठावीस दिवसांच्या निकालाची तारीखही असू द्या की.

सचिव आणि आयुक्त यांच्याशी थोडे वेगळे बोलायचे आहे, कारण मंत्र्यांना बांधकामाची संहिता माहीत नसते असे एक वेळ धरून चालता येईल, तुम्हाला तो फायदा नाही. मंत्र्यांचा फोन तुम्हाला येतो. तुम्ही तो मुख्य अभियंत्याकडे देता, मुख्य अभियंता अधीक्षक अभियंत्याकडे, आणि असे करत तो साइटवर पोहोचेपर्यंत ‘शक्य असेल तर’ हे शब्द वाटेत गळून पडतात. वरचा प्रत्येक जण नंतर शपथेवर सांगू शकतो की मी फक्त विचारले होते. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मध्ये लिहून ठेवले आहे की वरिष्ठांच्या तोंडी निर्देशावर काही करायचे तर तो निर्देश लेखी घ्यावा, आणि लगेच जमले नाही तर शक्य तितक्या लवकर त्याला लेखी दुजोरा घ्यावा. हा नियम प्रशिक्षणात शिकवतात, खात्याच्या परीक्षेत विचारतात. मागणाऱ्याला मात्र ‘निगेटिव्ह ॲप्रोच’चा माणूस म्हणतात. आता तर फोनही मागे पडला. व्हॉट्सॲपच्या गटावर ‘१५ला घेऊ या’ एवढे येते, खाली अंगठे उमटतात, आणि संदेश काही दिवसांनी आपोआप पुसले जाण्याची सोय केलेली असते.

माझी मागणी मोठी नाही. मुदत कमी करायचा अधिकार तुमच्याकडे राहू द्या. संकट असेल, पाऊस असेल, युद्ध असेल, कधी कधी नुसते राजकारणही असेल. पण कमी केलीत तर कागदावर करा. कोणता टप्पा किती दिवसांनी आखडला, त्याऐवजी काय केले (जादा सिमेंट, वाफेचे क्युरिंग, जास्त टेके, रात्रपाळी; मार्ग असतात, पैसे लागतात), आणि हे कोणी ठरवले. खाली सही तुमची. मोजमाप पुस्तिकेत शाखा अभियंता प्रत्येक घनमीटरखाली सही करतो. तुम्ही एका तारखेखाली करा.

घाटातल्या प्रत्येक वळणावर ‘अति घाई, संकटात नेई’ ही पाटी आपल्याच खात्याने लावली आहे. तिची प्रत मंत्रालयातही लावावी असे एकदा गमतीने सुचवले होते. त्यावर शेरा आला नाही.

पुढच्या लोकार्पणाची फाइल लवकरच तुमच्याकडे येईल. वेळ, पाहुणे, मंडप, निमंत्रणपत्रिकेचा मसुदा आणि त्यातला नावांचा क्रम, सगळे त्यात असेल. राजशिष्टाचाराचे पान उलटल्यावर काम पूर्ण झाल्याचा दाखला शोधा आणि त्याची तारीख पाहा. दाखला नसेल, किंवा निमंत्रणपत्रिका छापून झाल्यानंतरच्या तारखेचा असेल, तर फाइल परत पाठवा. परत पाठवताना शेरा शाईने लिहा, पेन्सिलने नको.

कळावे,

आपला,
एक निवृत्त कार्यकारी अभियंता

प्रत माहितीसाठी: साइटवरील सर्व कनिष्ठ अभियंते. साइट ऑर्डर बुक जवळ ठेवावे.